सातबारा नदीपर्यंत त्याचा, मग पाणवठ्याची वाट कोणाची?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, एकदा घाईत आणि एकदा नीट. थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. निफाड तालुक्यात कादवेच्या काठी गाव, गावठाणापासून पाणवठ्यापर्यंत जुनी गाडीवाट, ती ज्या गटातून जाते तो गट तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका माणसाने विकत घेतला, फार्महाऊस बांधलं आणि आता वाटेवर लोखंडी गेट, दोन्ही बाजूंनी तारेचं कंपाउंड. पोळ्याला बैल धुवायला, उन्हाळ्यात गुरांना पाणी दाखवायला, दहाव्याच्या विधीला लोक तिथूनच जायचे. मालक म्हणतो सातबारा नदीपर्यंत माझ्या नावावर आहे, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, सणावाराला आणि दहाव्याला मी गेट उघडून देत जाईन. तहसीलच्या आवारात कोणीतरी सांगितलं १४३ चा अर्ज टाका. आणि तुम्ही विचारताय की नदी नक्की कोणाची आणि आम्हाला जायचा हक्क आहे का नाही.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो, पुढे मंडळ अधिकारी झालो आणि नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातच. रस्त्यांच्या केसेसमध्ये किती बांध तुडवले याची मोजदाद नाही. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, सावकाश वाचा, पण एक गोष्ट मात्र आजच करा.

गेट कोणत्या तारखेला लागलं ते पक्कं करा. तुम्ही लिहिलंय साडेचार महिने झाले. अडवलेली वाट तहसीलदाराकडून मोकळी करून घ्यायचा जो सगळ्यात जवळचा मार्ग आहे तो म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ मधलं कलम ५, आणि त्याला मुदत आहे ६ महिन्यांची, अडथळा झाला त्या दिवसापासून मोजायची. म्हणजे तुमच्या हातात दीड महिना आहे आणि त्यातले पंधरा दिवस कागद गोळा करण्यातच जातील. मी नोकरीत असताना एका गावचे लोक असेच आले होते, हातात सगळं होतं, नकाशा होता, म्हातारे साक्षीदार होते, वाट समोर दिसत होती, पण आले आठव्या महिन्यात. आधीचे महिने त्यांनी मालकाकडे चकरा मारण्यात घालवले, तो दर वेळी म्हणायचा बघू, पुढच्या आठवड्यात बसू. तहसीलदारांना इच्छा असून काही करता आलं नाही, सगळे दिवाणी कोर्टात गेले आणि तिथे वर्षानुवर्षं गेली. त्या दिवशी त्यांची तोंडं मला अजून आठवतात. तारीख खोटी मात्र टाकू नका, कंपाउंडवाल्याचं बिल, लाइटचं कनेक्शन, कोणाच्या तरी मोबाईलमधला फोटो, कुठून तरी खरी तारीख बाहेर येतेच आणि मग पूर्ण दावाच संशयात जातो.

आता १४३ चं. तहसीलमध्ये ज्याने सांगितलं त्याचा हेतू चांगला असेल पण सल्ला चुकला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ हे ज्याच्या शेताला जायला रस्ताच नाही अशा शेतकऱ्यासाठी आहे, शेजारच्या गटांच्या बांधावरून त्याला वाट द्यायची की नाही हे तहसीलदार ठरवतात. मागणारा स्वतः जमीनधारक पाहिजे आणि रस्ता बांधावरून पाहिजे. तुमचं प्रकरण वेगळं आहे, तुमची वाट आधीपासून आहे आणि ती अडवलीय. १४३ चा अर्ज टाकलात तर तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं की आम्हाला रस्ता नव्हता, नवीन द्या. समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच वाक्य अधोरेखित करेल. ह्या एका चुकीने फेटाळलेले अर्ज मी इतके बघितलेत की कोणी १४३ म्हटलं की मी आधी विचारतो, वाट नव्हती की होती?

कलम ५ मध्येही एक खाच आहे, ती वकिलांनाही कधीकधी लक्षात येत नाही. ते कलम शेतीच्या आणि चराईच्या जमिनी, झाडं, पिकं, मासेमारी, शेतीकामाला लागणारं विहिरीचं तळ्याचं ओढ्याचं पाणी, आणि ह्या सगळ्यांकडे जाणारे रस्ते आणि वहिवाटीच्या वाटा यांच्यासाठी आहे. म्हणजे वाट कशाकडे जाते हे तिथे महत्त्वाचं. तुमच्या दाव्यात बैल, गुरं, पाणवठा, नदीकाठच्या शेतांना लागणारं पाणी हे पुढे पाहिजे. दहाव्याचा विधी, अस्थी, पोरांचं पोहणं हे सगळं खरं आहे आणि गावाच्या दृष्टीने त्याचं मोल जास्त असेल, पण ह्या कलमात ते बसत नाही, त्याच्यासाठी दुसरा दरवाजा आहे तो खाली सांगतो. आणि दावा ग्रामपंचायतीने एकटीने करण्यापेक्षा ज्यांची गुरं तिथे जातात, ज्यांची त्या बाजूला शेती आहे अशा चार-पाच शेतकऱ्यांनी नावानिशी करा.

आता नदी कोणाची. कलम २०, तोच १९६६ चा अधिनियम. सार्वजनिक रस्ते, नद्या, ओढे, नाले, तळी, वाहतं आणि साचलेलं पाणी, जे कोणा व्यक्तीच्या मालकीचं नाही ते सगळं राज्य सरकारचं. आपल्याकडच्या गावनकाशात गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा ह्यांच्या पात्राला गट नंबरच नसतो, दोन काठांच्या रेषा आणि मधे नदीचं नाव. आकारबंदाच्या, म्हणजे गावातल्या गटांचं क्षेत्र आणि सारा लिहिलेल्या तक्त्याच्या, शेवटी बघा, गावठाण, रस्ते, नदी-नाले असं क्षेत्र वेगळं काढलेलं असतं. म्हणजे पाण्याखालची जमीन मालकाची नाही. इंग्लंडमध्ये उलट आहे, तिथे काठाचा मालक तोच साधारण अर्ध्या पात्राचा मालक धरला जातो म्हणून तिथे होड्यावाले आणि काठवाले यांची भांडणं पाण्याच्या मधोमध चालतात. आपल्याकडे पात्रावर भांडण फारसं नाही, तुम्ही पुलाजवळून पात्रात उतरलात आणि उन्हाळ्यात वाळूतून चालत गेलात तर काठावरचा मालक तुम्हाला हटकू शकत नाही. आणि सरकार मालक म्हणजे सरकारला वाटेल ते करता येतं असंही नाही, हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठी एका मोटेलला दिलेल्या जमिनीवरून एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ ही केस झाली, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नद्या, समुद्रकिनारे, जंगलं ह्यांचं सरकार हे विश्वस्त आहे, जनतेच्या वतीने सांभाळणारं, आणि तो भाडेपट्टा रद्द केला. वकिलाला ही केस माहीत असेल, दाव्यात एक ओळ टाकायला सांगा.

पण नदी सरकारची म्हणून काठ तुमचा होत नाही हे मनात पक्कं करा. काठापर्यंतचा गट त्याचा असेल तर त्याचाच. निळी पूररेषा दाखवून लोक म्हणतात ह्याच्या आत सरकारी जमीन, तसं नसतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि त्यांच्यामुळे बांधकामावर बंधन येतं, मालकी बदलत नाही. २००८ च्या सप्टेंबरमधल्या पुरानंतर नाशिक शहरात रेषा आखल्या गेल्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठचा दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडाला तेव्हा परत सगळ्यांना त्या आठवल्या. तुमच्याकडे निळ्या रेषेच्या आत पक्की भिंत असेल तर ती तक्रार वेगळी करा, जलसंपदा खात्याकडे आणि नियोजन प्राधिकरणाकडे, वाटेच्या दाव्यात मिसळू नका. दोन्ही एकत्र केलं की समोरचा म्हणतो ह्यांना रस्ता नकोय, माझं घर पाडायचंय.

काठाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र हमखास बघायची, पोटखराबा, म्हणजे गटातली लागवडीखाली न धरलेली जमीन. सातबाऱ्यावर पोटखराबा दोन प्रकारचा असतो. वर्ग अ म्हणजे खडक, घळ, लागवडीला न येणारी जमीन. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, किंवा रस्ता नाहीतर मान्य पायवाट असलेली, किंवा मालकाशिवाय इतर लोक पिण्याला, घरकामाला, शेतीला वापरतात असा ओढा किंवा तळं असलेली, तसंच स्मशान वगैरे. म्हणून त्यावर आकार, म्हणजे सारा, बसवत नाहीत आणि ती लागवडीलाही आणता येत नाही. म्हणजे गट मालकाच्या नावावर असला तरी सरकारने जुन्या मोजणीतच मान्य केलेलं असतं की एवढ्या गुंठ्यांवर लोकांचा वावर आहे. त्या गटाच्या सातबाऱ्यावर ब मध्ये दोन-चार गुंठे दिसले तर तुमची अर्धी केस तिथेच उभी राहते. आजच्या सातबाऱ्यावर दिसलं नाही तरी थांबू नका, मागे जा. एका गटात मी स्वतः बघितलं, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात पोटखराबा ब लिहिलेला, मधल्या एका पुनर्लेखनात तो लागवडीखालच्या क्षेत्रात मिळवला गेलेला, त्याला ना फेरफार ना आदेश. ती चूक कोणाची हे शोधण्यात वेळ घालवला नाही, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज केला आणि जुनी नक्कल जोडली.

मग वाटेचा पुरावा. पहिला कागद गावनकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ नकाशाची नक्कल घ्या. ऑनलाइन भूनकाशावर भागवू नका, तो गटाच्या हद्दी बघायला बरा. मूळ नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते २१ फूट धरतात, पायमार्ग एका तुटक रेषेने, सव्वाआठ फूट. तुटक रेषा गावठाणातून निघून पात्राला भिडत असेल तर तो सार्वजनिक रस्ता आहे आणि तिथे मालकाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. गटवारी झाली, एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेव्हा काही गावांत अशा वाटा नवीन नकाशावर यायच्या राहिल्या, म्हणून एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबरचा नकाशा, त्याचं टिपण, फाळणी, म्हणजे मोजणीची आणि पोटहिश्शांची जुनी कागदपत्रं, हेही मागा. जुन्या सर्व्हे नंबरचा आजचा गट कोणता ते जबाबाच्या उताऱ्यावरून जुळवता येतं, तलाठ्याला नीट विचारलंत तर तो अर्ध्या तासात दाखवेल. नाशिक जिल्ह्याचं बरंच जुनं रेकॉर्ड स्कॅन होऊन आपले अभिलेख ह्या साइटवर आलंय, तिथेही शोधा. विदर्भात वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात असे हक्क लिहिलेले सापडतात, आपल्या भागात ते कमी, आपल्याकडे नकाशा आणि वहिवाट ह्यावरच उभं राहायचं.

ज्या कागदाकडे लोकांचं लक्षच जात नाही तो म्हणजे मालकाचं स्वतःचं खरेदीखत. दुय्यम निबंधकाकडून प्रत काढा आणि चतुःसीमा वाचा. पूर्वेस नदी, दक्षिणेस नदीकडे जाणारा रस्ता, असं त्यात लिहिलेलं असतं, कारण खत लिहिणारा जुन्या खतावरून उतरवतो आणि जुन्या मालकाला वाट माहीत असते. मालकाच्या सहीच्या कागदात रस्ता असेल तर तो कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? शेजारच्या गटांचीही खतं बघा. फार्महाऊसची परवानगी घेतली असेल तर त्याच्याबरोबरचा नकाशा मागवा, परवानगी मिळावी म्हणून कधीकधी मालकानेच पोच रस्ता म्हणून तीच वाट दाखवलेली असते. मग ग्रामपंचायतीचे जुने ठराव, दशक्रियेचा ओटा किंवा शेड कोणत्या निधीतून झालं त्याचं अंदाजपत्रक आणि पूर्णत्वाचा दाखला, घाटाच्या पायऱ्या झाल्या असतील तर त्याची मोजमाप पुस्तिका. सरकारी पैसा जिथे खर्च झाला तिथे पोचायला वाट नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही. पोळ्याचे, मिरवणुकीचे जुने फोटो प्रत्येक घरात असतात, मागच्या बाजूला तारीख छापलेले मिळाले तर फारच उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यावर मी थोडा जास्त लिहिणार आहे कारण गावं इथेच हरतात. तो अर्ज देऊ नका. मालक म्हणतोय ना की लेटरहेडवर अर्ज द्या, सणाला गेट उघडतो, हे ऐकायला किती समजूतदार वाटतं, आणि सरपंचांनाही वाटेल की कटकट मिटली. पण हक्काने जाणं आणि परवानगीने जाणं ह्यात कायदा जमीन-अस्मानाचा फरक करतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ ला आपण इझमेंट अॅक्ट म्हणतो, त्याच्या कलम १५ मध्ये २० वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापर पाहिजे, जमीन सरकारची असेल तर ३० वर्षं. ह्यातला हक्क म्हणून हा शब्द बघा. तुम्ही एकदा लिहून दिलंत की कृपया आम्हाला आपल्या जमिनीतून जाण्याची परवानगी द्यावी, की उद्या तो कोर्टात तेवढाच कागद ठेवेल आणि म्हणेल हे माझ्या परवानगीने जात होते, परवानगी मी काढून घेतली. आणि परवानगी काढून घेता येते. आज्या-पणज्यापासूनची वाट एका सहीने लायसन्स होऊन बसते. एका गावात मी हे होताना बघितलंय, अर्ज लिहिणारा तिथलाच एक गुरुजी, अक्षर मोत्यासारखं, भाषा नम्र, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या अर्जाने पूर्ण गावाचं तोंड बंद केलं.

द्यायचंच असेल तर उलट पत्र द्या. असं लिहा की गावनकाशातला अमुक रस्ता गावकरी पूर्वापार हक्काने वापरत आलेत, आपण अमुक तारखेला गेट लावून तो अडवला आहे, ७ दिवसांत मोकळा करावा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. ह्यात विनंती, परवानगी, कृपा हे शब्द येऊ देऊ नका. आणि आधीच अर्ज गेला असेल तर लपवू नका, ताबडतोब दुसरं पत्र द्या की तो अर्ज फक्त तात्पुरत्या सोयीसाठी होता, हक्क सोडलेला नाही.

गप्प बसणंही तितकंच महाग पडतं. इझमेंट अॅक्टप्रमाणे अडथळा माहीत असून एक वर्ष निमूट सहन केला की वापरात खंड पडला असं धरतात. म्हणून भांडण नको, गावात वाईटपणा नको म्हणून जे थांबतात ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

इथे आणखी एक उलगडा करतो. इझमेंट हा एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवरचा हक्क असतो. गावातल्या भूमिहीन माणसाला, कुंभाराला, मेंढपाळाला जमीनच नाही, मग त्याचा हक्क कुठला? तर त्याचा हक्क रूढीचा, आणि तो त्या कायद्याच्या कलम २ ने वेगळा सांभाळलेला आहे, जनतेचे आणि रूढीचे हक्क ह्या कायद्याने जात नाहीत असं तिथे लिहिलंय. रूढी सिद्ध करायला ती जुनी, अखंड, वाजवी आणि नक्की असावी लागते. नक्की म्हणजे ठरलेली वाट, ठरलेली जागा. सगळा काठ आमचा म्हणालात तर टिकणार नाही, अमुक चिंचेपासून अमुक खडकापर्यंतचा पाणवठा म्हणालात तर टिकेल. साक्षीदारांना हेच सांगा, जेवढं खरं तेवढंच बोला.

दहावा, अस्थी, पोळा ह्यांच्यासाठी दुसरा दरवाजा म्हटलं होतं तो हा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम १५२, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेमधलं, म्हणजे सीआरपीसीमधलं, १३३. जनता कायदेशीर वापरते अशा वाटेवर, नदीवर किंवा प्रवाहावर बेकायदा अडथळा असेल तर कार्यकारी दंडाधिकारी तो काढायचा सशर्त आदेश देऊ शकतो. कलमात नदी हा शब्द सरळ आहे. अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, करा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, इथे मात्र ग्रामपंचायत पुढे असलेली चांगली. मालकाने सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्याला भक्कम पुरावा दिला तर ते प्रकरण दिवाणी कोर्टाकडे जातं, म्हणून नकाशा इथेही हाताशी लागतोच. दिवाणी कोर्टात सार्वजनिक उपद्रवासाठी दोन किंवा जास्त माणसं कोर्टाच्या परवानगीने दावा करू शकतात, दिवाणी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीपीसीचं, कलम ९१, आणि पूर्ण गावाच्या वतीने प्रातिनिधिक दावा ऑर्डर १ रूल ८ खाली. तो रस्ता लांबचा आहे पण ६ महिने उलटले तर तोच. आणि अडथळा सरकारी जागेत, म्हणजे पात्रात किंवा सरकारी रस्त्यातच असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढायचे अधिकार कलेक्टरला आहेत, त्यासाठी मोजणी आधी.

गेट तोडू नका. पोरं तापलेली असतील, मला कल्पना आहे, ट्रॅक्टर लावून ओढायला पाच मिनिटं लागतात. पण इझमेंट अॅक्टच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट आहे की हक्कदाराला अडथळा स्वतःच्या हाताने काढता येत नाही. तोडलंत की त्याच्याकडे फिर्याद, तुमच्या पोरांवर गुन्हा, आणि तडजोडीत ते गुन्हे मागे घेण्याच्या बदल्यात वाट सोडून द्यायची वेळ येते. पोलीस सुरुवातीला म्हणतील दिवाणी मॅटर आहे, म्हणू द्या, पण गेटवर अडवलं त्या प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेवा.

तुमचं गाव नांदूरमध्यमेश्वरच्या किती जवळ आहे ते लिहिलं नाहीत. कादवा आणि गोदावरी जिथे मिळतात तिथला तो भाग १९८६ पासून अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. काठ अभयारण्याच्या हद्दीत असेल तर प्रवेशाला वन्यजीव कायद्याचं कलम २७ लागतं, मासेमारीला बंदी, तेव्हा वन खात्यालाही पक्षकार करा. धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे गंगापूर, पालखेड अशा ठिकाणी, पाणी आणि खाजगी शेत ह्यांच्यामधली संपादित पट्टी जलसंपदा खात्याची असते, तिथे काठावरच्या मालकाने गेट लावलं तर तक्रार त्या खात्याकडे. शहरात, आनंदवल्ली-सोमेश्वरकडे, विकास आराखड्यातला रस्ता आणि सिटी सर्व्हे बघायचा, महापालिका उत्तर देणार. ह्यांचं वेगळं विचारा कोणाला लागलं तर.

मालकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. द्राक्षाच्या बागेतून अनोळखी लोक रात्री-बेरात्री जायला लागले, बाटल्या फोडून टाकल्या, औषध फवारलेल्या ओळीत पोरं घुसली तर त्याने करायचं काय, त्याची काळजी खोटी नाही. म्हणून तहसीलदारांसमोर तडजोड करायची तयारी ठेवा, पण तोंडी नाही, नकाशावर. गेटऐवजी बैलगाडी जाईल एवढी मोकळी वाट, वाटेच्या दोन्ही कडांना त्याने हवं तर तार मारावी, बागेला धक्का लागत असेल तर त्याच गटात बांधाच्या कडेने वाट सरकवायला गावाने हरकत घेऊ नये, फक्त ती पात्रापर्यंत पोचली पाहिजे आणि रुंदी कमी होता कामा नये. आणि तडजोडीचा आदेश झाला की त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्या, शेतरस्त्यांच्या नोंदी तिथे घ्यायच्या असा शासन निर्णय २०२५ मध्ये निघालाय. नोंद नसेल तर हा मालक उद्या गट विकेल आणि नवा माणूस नवीन गेट घेऊन येईल, तुमच्या बाबतीत तीन वर्षांपूर्वी हेच झालं ना.

पाण्याबद्दल एक लिहितोच, हक्काचं बोलताना ते राहून जातं. पालखेडमधून विसर्ग सोडला की कादवेची पातळी किती झपाट्याने वाढते ते तुमच्या गावाला मी सांगायला नको, पण वाट मोकळी झाली की सुट्टीत आलेली शहरातली पोरं पण येतील, त्यांना डोह कुठे आहे माहीत नसतं. ग्रामपंचायतीने पाणवठ्यावर बोर्ड लावावा, खोल पाण्याची जागा दाखवणारा. तो बोर्डही उद्या वापराचा पुरावा होतो, पण त्यासाठी लावू नका, पोरांसाठी लावा.

स्थळपाहणीच्या दिवशी गर्दी करू नका. पन्नास माणसं जमली की आवाज वाढतो आणि तहसीलदार गाडीतूनच बघून परत जातात. चार वादी, दोन म्हातारी माणसं, नकाशा आणि टेप. म्हाताऱ्यांना बोलायला लावण्यापेक्षा चालायला लावा. एकदा एका आजींना मी नुसतं म्हटलं, आजी तुम्ही धुणं घेऊन कशा जायच्या ते दाखवा, त्या काठी टेकत सरळ निघाल्या, एका जागी थांबून डावीकडे वळल्या, तिथे घाणेरीचं जाळं माजलेलं होतं, ते बाजूला केलं तर खाली झिजलेल्या दगडांची उतरण निघाली. पंचनाम्यात ते दगड मोजून लिहिले आणि त्या केसमध्ये दुसऱ्या कशाची फार गरज लागली नाही. तुमच्या पाणवठ्यावर असं काही असेल तर आत्ताच फोटो काढून ठेवा, कंपाउंडच्या आतून जेसीबी फिरायच्या आधी. आत जाता येत नसेल तर पात्रातून जा, तिथून कोणी अडवू शकत नाही.

गावनकाशाची नक्कल मिळाली की तुटक रेषा पात्रापर्यंत जाते का त्या गटाच्या आतच कुठे थांबते ते इथे लिहा, गट नंबर टाकू नका. आतच थांबत असेल तर दाव्यात रस्त्याच्या जोडीला रूढीची वाट असंही मांडावं लागेल, तो परिच्छेद कसा लिहायचा ते मी सांगतो.